बेडकाचा आवाज

३ जून

ती. मास्तरांना चिमणीचा नमस्कार,

दचकलात ना? पाकिटावरचं अक्षर बघून 'ही कोण बाई आता' म्हणत चष्मा शोधला असेल. मीच ती. काचेच्या खोलीत तुमच्या शेजारी माईकसमोर उभी राहायची आणि घाबरून श्वास घ्यायलाच विसरायची, ती. वहिनी गेल्या आणि तुम्ही एकटे पडलात तेव्हा चार ओळी पाठवल्या होत्या, आणि नंतर मी जी गप्प झाले ती आजपर्यंत. आळस म्हणा, दुसरं काही म्हणा. रागवायचं असेल तर आधी रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

निमित्त असं झालं. परवा रविवारी दुपारी कपड्यांना इस्त्री करत बसले होते, टीव्ही आपला चालू होता. मान वर केली तर पडद्यावर 'बुडालेलं नगर'! आपला सिनेमा, मास्तर! कॉम्प्युटरवरच्या गेमवरून काढलेला, कागदी भिंतींचा, रबरी राक्षसांचा. तळ्याच्या पोटात बुडालेलं शहर, त्याच्या प्रत्येक मजल्यावर दिवा लावत तळापर्यंत जाणारी नावाड्याची पोर, आणि तिला वाट दाखवणारा बैलाएवढा म्हातारा बेडूक. पोरीचा आवाज मी, बेडकाचा तुम्ही. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली असतील. कुणाला आठवत असेल का हो तो? आला तसा पडला बिचारा.

पण इथे परदेशात लागतो तो मूळ भाषेतला. पोरीने तोंड उघडलं आणि आतून दुसऱ्याच बाईचा आवाज आला. मला वाटलं, माझ्या घरात कुणी परकी शिरलीय आणि माझीच साडी नेसून फिरतेय. आणि बेडूक! तो तर बँकेतल्या साहेबासारखा गुळगुळीत बोलतो. ना खोकला, ना डराव डराव, ना मधेच 'अगं थांब, गुडघा धरला' म्हणून कुरकुरणं. असा कुठे बेडूक असतो?

मग मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझी वाक्यं मीच मोठ्याने म्हणायला लागले. सगळी आठवली, खरंच सांगते. ओठ जुळवून म्हटली. फक्त बेडकाची पाळी आली की मी थांबायचे, आणि मधे सगळं शांत.

लगेच तुम्हाला फोन लावला. नंबर पाठ आहे अजून. दोनदा लावला, दोन्ही वेळा उचलला गेला, आणि पलीकडे कुणीच नाही. 'हॅलो हॅलो' करून माझा घसा सुकला. फोन बिघडलाय तुमचा, बघून घ्या.

घरी सगळे मजेत. हे कामात, लेक तिच्या व्यापात. मी इथल्या वाचनालयात लागलेय, फाटकी पुस्तकं चिकटवते. चिमणीला नोकरी लागली ती कुठे, तर भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलंय तिथे!

उत्तर पाठवा. नाहीतर फोन दुरुस्त करा, म्हणजे पत्राची कटकट नको.

तुमची,
चिमणी

&nbsp;

२१ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद,

तुझं पाकीट शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंनी दाराखालून सरकवलं. मला पाकिटं येतात ती विजेच्या कार्यालयाची, त्यामुळे मी ते दोन तास टेबलावर तसंच ठेवलं. मग अक्षर दिसलं. चष्मा शोधावा लागला नाही, नाकावरच होता. पण पुसावा लागला.

रागबिग काही नाही. तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. फिट्टंफाट.

फोनचं म्हणशील तर तो बिघडलाय हे खरं. ऐकू सगळं येतं, पण इकडचा आवाज तिकडे जात नाही. जुनं यंत्र. तज्ज्ञाने उघडून पाहिलं, म्हणाला, याचा बिघडलेला भाग काढावा लागेल आणि नवा बसवता येत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं. पत्रात माणूस खोकत नाही.

बेडूक साहेबासारखा बोलतो हे वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तुला एक गोष्ट कधी सांगितली होती का? काम मिळालं तेव्हा मी त्या गेमच्या दुकानात गेलो होतो. पोरांच्या रांगेत चाळिशीचा बाप्या. दुकानदाराला वाटलं, मुलाला शोधायला आलोय. मी म्हटलं, मला बेडकाला भेटायचंय. त्याने खेळ लावून दिला. तर मूळ गेममध्ये त्या बेडकाला आवाजच नाही! तोंड उघडतो, मिटतो, आणि खाली पाटीवर अक्षरं उमटतात. 'डावीकडे वळ.' 'पाणी वाढतंय.' 'मागे फिरू नकोस.' बस. मी तीनदा बुडालो, पोरं हसली, पण बेडूक कळला. ज्याला वर्षानुवर्षं कुणी बोलायला मिळालं नाही, तो तोंड उघडेल तेव्हा आधी खाकरणारच. तिथून तो आवाज आला. नक्कल नव्हती ती.

तुझी वहिनी म्हणायची, तुम्ही बेडूक करायला लागल्यापासून घरातही तसेच बोलता. खरं असेल. ती गेल्यापासून तपासून बघायला कुणी नाही.

माझं ठीक. सकाळी फिरून येतो, दुपारी वाचतो, संध्याकाळी गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या लोकांना मनातल्या मनात संवाद देतो. तो जाडा माणूस बायकोला काय म्हणत असेल, ती काय म्हणाली असेल. ओठ चांगले जुळतात.

तुझं पत्र चार पानी आहे. सिनेमावर साडेतीन पानं, घरावर एक ओळ. मी नाटकवाला माणूस. पात्र ज्या विषयावर एकच ओळ बोलतं, तिथे मी कान टवकारतो.

मास्तर

&nbsp;

८ जुलै

ती. मास्तरांस,

कान टवकारायची काही गरज नाही. घरावर एक ओळ लिहिली कारण घरात लिहिण्यासारखं काही घडत नाही. सुखी माणसांच्या घरात कधी काही घडतं का?

आणि नवा फोन घ्या की! भाग मिळत नाही म्हणे. ज्या माणसाने ओठ नीट जुळेनात म्हणून एका वाक्याचे तीस टेक दिले, तो एका फोनपुढे हात टेकतो? मला तुमचा आवाज ऐकायचाय, मास्तर. अगदी साधं काहीतरी. 'चिमणे, पोटातून श्वास घे, मानेतून नको.' एवढं म्हटलंत तरी चालेल.

खरं सांगू, त्या दिवशी टीव्हीसमोर माझी वाक्यं म्हणताना माझ्या लक्षात आलं की माझा आवाज गंजलाय. 'पाण्याखाली' म्हणताना जीभ अडखळली. वाचनालयात दिवसभर कुजबुजायचं, तेही इथल्या या लोकांच्या भाषेत. येताना दुकानदाराशी दोन शब्द, तेही यांच्याच भाषेत. लेकीला आपली भाषा कळते पण ती उत्तर यांच्या भाषेत देते, आणि फोनही घाईत असतो तिचा. मग मी घरी येऊन एका माणसापुरतं काहीतरी शिजवते आणि भांड्यांशी आपल्या भाषेत बोलते. भांडी बरी असतात. शुद्ध बोलतात.

आपली डबिंगची प्रत कुठे मिळते का म्हणून मी खूप शोधलं. मूळ सिनेमा सगळीकडे आहे, आपले आवाज कुठेच नाहीत. जणू आपण त्या काचेच्या खोलीत उभेच राहिलो नाही. रेकॉर्डिस्टने दिलेला तो बेचव चहा, तुम्ही माझ्या हाताला चिमटा काढून रडण्याचा टेक मिळवलात तो... नाही, चिमटा नव्हता काढलात. मीच रडले होते. वहिनींनी नंतर मला लिंबाची गोळी दिली होती.

तुमच्याकडे एखादी प्रत नाही का? जुन्या पेटीत वगैरे? बघा ना.

चिमणी

&nbsp;

२५ जुलै

चि. चिमणीस,

पेटीत प्रत नाही. पण ऐक. गंमत झालीय.

बाजारामागचं जुनं थिएटर आठवतं? आपण तिथे खेळाच्या पहिल्या दिवशी मागच्या रांगेत बसलो होतो. आता तिथे सिनेमा कमी आणि लग्नाच्या मिरवणुकीतल्या गाड्याच जास्त उभ्या असतात. काल तिथून जात होतो, तर भिंतीवर हाताने रंगवलेली पाटी. पुढच्या महिन्यात मुलांसाठी जुन्या सिनेमांचा आठवडा. आणि तिसऱ्या ओळीत 'बुडालेलं नगर', आपल्या भाषेत! त्यांच्या गोदामात आपली प्रत राहून गेलीय. कुणी परत मागितली नाही म्हणून वाचली बिचारी.

पाटीवर बेडूकही काढलाय. डोळे माझ्यासारखे आलेत, हा योगायोग.

मी बराच वेळ उभा होतो म्हणून व्यवस्थापक बाहेर आले. माझी नाटकं पाहिलेले गृहस्थ. हात धरून म्हणाले, "अहो, बेडूक साक्षात! खेळाआधी दोन मिनिटं स्टेजवर या, मुलांसमोर बेडकाची दोन वाक्यं म्हणा. पोरं वेडी होतील." मी नकार दिला. म्हाताऱ्याने अशा ठिकाणी मिरवू नये. सिनेमा मात्र बघीन म्हणतो. बघीन की नाही, तेही अजून ठरत नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे. 'एका माणसापुरतं काहीतरी शिजवते.' बाकीची सुखी माणसं उपाशी झोपतात वाटतं?

मास्तर

&nbsp;

१० ऑगस्ट

मास्तर,

बरोबर पकडलंत. घ्या, ऐका तर मग. हे दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. म्हणजे तसे गेले नाहीत, धडधाकट आहेत, याच शहरात नदीच्या पलीकडे राहतात. दुसरं घर केलंय. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान आरडाओरड तरी झाली असती. एके दिवशी त्यांनी सांगितलं, मी "बरं" म्हटलं, आणि कोट कपाटातून काढून द्यायला मदत केली. लेक दुसऱ्या शहरात असते. मी कुणालाच कळवलं नाही. आईला काय सांगणार, या वयात? तिकडे सगळ्यांना वाटतं, चिमणी घरट्यात सुखात आहे.

हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगणार होते. म्हणून फोनच्या मागे लागले होते. कागदावर लिहिलं की ते कायमचं खरं होतं.

परवाच्या रविवारी मी पुन्हा फोन केला. उचललात. मी म्हटलं, "मास्तर?" पलीकडे काहीतरी खरखरलं. घड्याळाचे टोले ऐकू आले, वहिनींच्या माहेरच्या त्या घड्याळाचे. मी म्हटलं, "मास्तर, तुम्हीच आहात ना? बोला ना. काहीही बोला." आणि तुम्ही फोन ठेवलात. हळूच ठेवलात. बिघडलेला फोन स्वतःला असा हळूच ठेवत नाही.

मग मला सगळं उमगलं. भाग मिळत नाहीत म्हणे. स्टेजवर दोन वाक्यं म्हणायला नको, माझ्याशी दोन शब्द बोलायला नको. तुम्हाला जुनी माणसं नको झाली असतील तर तसं लिहा. त्यात काही गैर नाही, मला सवय आहे. पण मला बनवू नका. बनवायला माणसं खूप आहेत माझ्याकडे.

सिनेमा बघितलात की नाही, तेही आता कळवू नका.

चिमणी

&nbsp;

३० ऑगस्ट

चिमणे,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन गोड झाली होती, फाडून टाकली.

फोन चांगला आहे. बिघडलोय तो मी.

दीड वर्षापूर्वी घसा बसला तो उठेना. आधी गरम पाणी, मग गोळ्या, मग मोठं रुग्णालय. गाठ निघाली, आणि ती नेमकी तिथेच, जिथे माझं सगळं दुकान होतं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल." मी विचारलं, "आवाज?" त्या म्हणाल्या, "जीव." मी सही केली. आता माझ्या गळ्यात खाली एक भोक आहे. श्वास तिथून घेतो, तिथूनच सोडतो. भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून हिंडतो, म्हणून गल्लीतले लोक मला विक्षिप्त समजतात. ते आधीही समजत होते.

बेडकाचा यात काही दोष नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढचं पत्र तू त्यावर लिहिशील. दोष सिगारेटचा, थोडा नशिबाचा.

फोन वाजला की हात जातो, चिमणे. चाळीस वर्षांची सवय. उचलतो, आणि मग आठवतं. तू "मास्तर?" म्हणालीस तेव्हा मी तोंड उघडलं होतं. पूर्ण वाक्य तयार होतं. जे खरखरलं ते मफलर. मी ठेवला तो तुझा कंटाळा येऊन नाही. तू "बोला ना" म्हणालीस, ते ऐकत उभं राहवेना.

तुला का सांगितलं नाही? तुझ्या पहिल्या पत्रात तू लिहिलंस, असा कुठे बेडूक असतो. मला वाटलं, या जगात एका तरी माणसाच्या कानात माझा आवाज अजून जसाच्या तसा आहे. तो तिथे राहू दे. एवढाच स्वार्थ.

आता सिनेमाचं. कळवू नका म्हणालीस, पण मी कळवणार.

शनिवारी दुपारच्या खेळाला गेलो. तिकीट खिडकीवर एक बोट वर केलं. आतल्या मुलीला वाटलं मी बहिरा आहे. ती ओरडून आणि हातवारे करून विचारायला लागली, "आजोबा, वर बसणार का खाली?" सगळी रांग वळून बघायला लागली. मुक्या माणसाला सगळे बहिरा समजतात, हा माझा नवा अनुभव. मीही हातवारे करून सांगितलं, खाली, मागे. ती खूश झाली, तिला वाटलं तिची भाषा मला समजली.

सिनेमा फार वाईट आहे गं. आपण पहिल्या दिवशी मागच्या रांगेतून नुसते ओठ जुळतात का ते बघत होतो, म्हणून कळलं नाही. भिंतीला पोरीचा धक्का लागला की भिंत हलते. राक्षसाच्या पाठीवर चेन दिसते. पाणी वाढतंय म्हणतात आणि मागे तोच एक हौद तीनदा दाखवतात. मुलं आधी हसत होती, चिप्सच्या पिशव्या फोडत होती.

मग तू बोललीस. "कुणी आहे का इथे?" चोवीस वर्षांची तू. पहिल्या काही दृश्यांत आवाज घाबरलेला आहे, मानेतून येतोय, तुला ते कधी आवडलं नाही. मला आज ते फार बरं वाटलं. बुडालेल्या शहरात एकटी उतरलेली पोर आणखी कशी बोलणार? तिसऱ्या दिव्यापासून तुझा श्वास पोटात उतरला. मला तो नेमका क्षण ऐकू आला.

आणि मग अंधारातून कुणीतरी खाकरलं.

चिमणे, काय सांगू तुला. मी चाळीस वर्षं आवाज दिले, पण स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा मी चुका ऐकायचो. आता तो एक माणूस होता. अंधारात बोलणारा, कुरकुरणारा, गुडघा धरून बसणारा माणूस. पूर्वी माझ्या घरात राहायचा आणि न सांगता निघून गेला. पोरं खिदळायला लागली. चिप्सच्या पिशव्या बंद झाल्या. माझे ओठ आपोआप हलत होते. एकही वाक्य चुकलं नाही. शेजारच्या आजीबाई माझ्याकडे बघायला लागल्या, तेव्हा मी मफलर तोंडावर ओढला आणि आत बोलत राहिलो.

शेवटी तो दरवाजाचा प्रसंग आला. पाणी कोसळतंय, बेडूक पाठीने दरवाजा तोलून धरतो आणि पोरीला पुढे जायला सांगतो. तू म्हणतेस, "तू पण चल ना. मला वाट माहीत नाही." आणि तो म्हणतो, "आहे माहीत. इतका वेळ तूच पुढे होतीस, मी नुसता बोलत होतो." ते वाक्य मूळ संहितेत नव्हतं, ओठ जुळत होते म्हणून मी तिथल्या तिथे घातलं होतं. तू खरंच रडलीस, आणि रेकॉर्डिस्ट वैतागला की माईकवर पाणी पडलं.

थिएटरात चिडीचूप झालं होतं. वर तुझा आणि माझा आवाज एकमेकांशी बोलत होते. अगदी जवळून, आडपडदा न ठेवता. आणि खाली आपण दोघं. तू तिकडे भांड्यांशी बोलतेस, मी इकडे तुझा फोन हळूच ठेवतो. मला स्वतःची लाज वाटली नाही, राग आला.

बाहेर पडलो. व्यवस्थापक दारात उभे होते, माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची दिली. मी कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, 'माझा आवाज गेला म्हणून स्टेजवर आलो नाही. राग नसावा.' ते वाचून तो गृहस्थ माझ्याशेजारी जमिनीवरच बसला. पुढच्या खेळाची घंटा त्याने उशिरा वाजवली.

हे मी स्वतःहून ज्याला सांगितलं असा तो पहिला माणूस. दुसरी तू.

तुझ्या नवऱ्याविषयी मला शहाणपणाचं काही लिहिता येत नाही. कोट काढून द्यायला मदत केलीस ते मात्र चुकलं. एखादा खिडकीतून खाली टाकायला हवा होतास.

मास्तर

&nbsp;

१८ सप्टेंबर

मास्तर,

तुमचं पत्र मी वाचनालयात उघडलं. घरी न्यायला धीर नव्हता. आणि मग मी तिथे ढसाढसा रडले, मोठ्याने, भिंतीवरच्या पाटीखाली. दोन वाचक उठून गेले. ग्रंथपालबाई धावत आल्या, खांद्यावर हात ठेवून विचारायला लागल्या. मी त्यांना आपल्याच भाषेत सगळं सांगून टाकलं. बाईंना एक अक्षर कळलं नाही. पण शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग पाणी आणून दिलं.

मी काय काय बोलले तुम्हाला! आणि तुम्ही एकटे त्या रुग्णालयात. डबा कोण आणत होतं? घरी आल्यावर कोण होतं? मला एक ओळ टाकायची नाही? भयंकर राग आलाय तुमचा. दीड वर्षाचा एकदम आलाय, तेव्हा तो उतरायला वेळ लागेल.

आता माझं ऐका. मी म्हणत होते, मला तुमचा आवाज ऐकायचाय. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं आत्ता कळतंय. मला कुणाला तरी माझा आवाज ऐकवायचाय, आपल्या भाषेत, आणि पलीकडच्याने तो समजून ऐकावा. त्याला तुमचे कान पुरतात. तुम्हीच लिहिलं होतंत, ऐकू सगळं येतं म्हणून.

तर, पाच ऑक्टोबरला रविवारी, तुमच्याकडे संध्याकाळचा चहा झाला की मी फोन करीन. उचलायचा. बोलायचं नाही. हातात चमचा ठेवायचा. एकदा वाजवलात तर हो, दोनदा वाजवलात तर नाही. ठेवलात तर याद राखा.

चिमणी

&nbsp;

९ ऑक्टोबर

चि. चिमणीस,

खरं तर लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. तू तासभर बोललीस. पण माझ्या बाजूचं तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

खुर्ची फोनजवळ ओढून मी चारपासून बसलो होतो. चहा केला नाही, कारण चहा करत असताना वाजला तर? मग नुसताच काचेचा पेला पुढे ठेवला, वाजवायला. पहिल्या रात्रीच्या प्रयोगाआधी घाम फुटायचा तसा फुटला. संवाद काय, तर टिंग आणि टिंग टिंग. तरी घाम.

तू सुरुवात कशी केलीस ते तुला आठवतं का? स्टेशनवरच्या सूचनेसारखी. "मास्तर, मी चिमणी बोलत आहे." मी हसलो. माझं हसणं आता नुसतं हवेचं असतं, तुला ऐकू येणार नाही. "जेवलात का दुपारी?" टिंग. "खरं?" टिंग टिंग. मग तू हसलीस, आणि तिथून तुझी गाडी सुटली.

तू बरंच सांगितलंस. नदीपलीकडचं घर, ते एकदा बसमध्ये दिसले आणि तू एक थांबा आधीच उतरलीस, लेकीचा घाईतला फोन. मी मधे काही बोलू शकत नव्हतो, म्हणून सगळं ऐकलं. पूर्वी मी तुझं वाक्य अर्ध्यात तोडायचो, दुरुस्त करायचो. तुझी वहिनी मला यावरून बोलायची.

आणि मग ते झालं. तू स्वयंपाकघराचं सांगत होतीस, आणि तुला शब्द सापडेना. "ते हो, भांडी लावून ठेवायचं, भिंतीला असतं, काय म्हणतात त्याला, माझ्या आईकडे होतं..." तू थांबलीस. मला तो शब्द माहीत होता, चिमणे! ओठांवर होता, आणि तिथून पुढे रस्ता बंद. मी खुर्चीतून उठलो. मी तोंडाने तो शब्द तीनदा म्हटला, मफलर काढून म्हटला, भिंतीकडे बोट दाखवलं, जणू तू समोर आहेस. चमच्याने काय सांगणार? पलीकडे तू म्हणालीस, "जाऊ दे, गेला तो शब्द." असा आवाज लागला तुझा की मी चमचा उचलला. मी वाजवलं, टिंग टिंग. नाही! टिंग टिंग. नाही, गेला नाही, शोध. तुला कळलं. तू म्हणालीस, "थांबा, थांबा हं, सांगू नका." सांगू नका म्हणे मला! आणि मग एकदम ओरडलीस, "मांडणी!"

मी असा चमचा हाणला की पेला फुटला. तो मोठा आवाज झाला, तो त्याचा होता. तू विचारत होतीस, काय पडलं, काय पडलं, आणि माझ्याकडे उत्तर द्यायला पेलाच नव्हता. टेबलावर मूठ आपटली, ती 'हो' समज. बोटाला काच लागली, काही विशेष नाही, शेजारच्या ताईंनी पट्टी बांधली. त्यांनी विचारलं काय झालं. माझ्या लिहायच्या पाटीवर लिहून दाखवलं, 'फोनवर बोलत होतो.'

शेवटी तू विचारलंस, "ठेवू का?" मी टेबलावर दोनदा ठोकलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलंस. मी पुन्हा दोनदा ठोकलं. मग तुझ्याकडेही सांगायचं संपलं, आणि तू गप्प झालीस. पण फोन चालू होता. तुझ्या जिन्यावरून कुणी तरी उतरलं. तू नळ सोडलास, पाणी प्यालीस, परत येऊन बसलीस. इकडे अंधार पडला, मी दिवा लावायला उठलो नाही. तुझा श्वास येत होता, पोटातून, अगदी बरोबर. मी ऐकत बसलो.

मास्तर